घरी बांधलेली विमाने आणि दैवाची हद्द

विमान पडून माणूस वाचला की त्याचे दैव बलवत्तर ठरते, आणि दगावला की त्याची वेळ भरलेली असते. हे दोन्ही निकाल देताना मधला काळ हिशेबात धरला जात नाही. विमान जमिनीला भिडल्यापासून पुरते थांबेपर्यंतचा तो काळ अनेकदा सेकंदभराचाही नसतो. त्यात देहाचे काय व्हायचे हे बऱ्याच अंशी आधीच ठरून गेलेले असते. पट्टा कुठे अडकवला, इंधनाची टाकी कुठे बसवली, आसनाखाली काय घातले, यावर ते ठरते. कारखान्यातल्या विमानात हे निर्णय अनेकांत वाटलेले असतात. हौशी माणसाने स्वतःच्या गॅरेजात बांधलेल्या विमानात ते बहुतेक त्या एकट्याचे असतात. म्हणून दैव आणि पुरुषकार यांच्यातला जुना वाद इथे जितका उघडा पडतो, तितका क्वचितच पडत असेल.

या वादाला प्रयोगाची जोड मिळाली ती एका अपघातातून. १९१७ साली ह्यू डीहेवन हा अमेरिकी तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये उड्डाण शिकत होता. टेक्सासमध्ये दोन विमानांची हवेत टक्कर झाली आणि तो जबर जखमी होऊन वाचला. पोटातल्या जखमा पट्ट्याच्या टोकदार बकलामुळे झाल्या असाव्यात, हे त्याने हेरले. वाचवायला बांधलेल्या वस्तूनेच इजा केली होती. पुढे त्याने उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांची प्रकरणे जमवली आणि १९४२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यातली एक स्त्री १४४ फुटांवरून खाली आली ती पत्र्याच्या वायुवीजन पेटीवर. पेटी फूटभराहून अधिक चेपली. हात मोडले, पण बाई उठून बसली आणि आपल्याला खोलीत परत न्या म्हणाली. लोक याला चमत्कार म्हणाले असते. डीहेवनने पेटी किती चेपली ते मोजले.

या मोजणीमागचे गणित शाळेतलेच आहे. ताशी ८३ किलोमीटर, म्हणजे ४५ नॉट, हा अनेक हलक्या विमानांचा उतरण्याच्या आसपासचा वेग. या वेगाचे विमान तीन मीटरांत एकसारखे मंदावत थांबले तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नऊपट भार येतो. एका मीटरात थांबले तर सत्तावीसपट, आणि तीस सेंटिमीटरांत थांबले तर नव्वदपट. डॉ. जॉन स्टॅप यांनी डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला पट्ट्यांनी जखडून ४६ पटींहून अधिक भार सोसला आणि ते जगले. म्हणजे देह समजतो तितका नाजूक नाही. जगणे-मरणे बऱ्याचदा थांबायला मिळालेल्या अंतरावर आणि त्या वेळी देहाला कशाने धरून ठेवले आहे यावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे विमान ताब्यात ठेवून शक्य तितक्या कमी वेगाने शेतात टेकवणे हे कोणत्याही बळकट पिंजऱ्याहून मोलाचे ठरते.

मग कॉकपिटचे तपशील येतात, आणि घरगुती बांधणीत माणसे नेमकी इथेच चुकतात. खांद्याचा पट्टा मागे खांद्याच्या पातळीला किंवा थोडा वर अडकवायचा असतो. जागा नाही म्हणून तो खाली, आसनामागच्या तळाशी अडकवला तर धडकेत तो खांदे खाली ओढतो आणि मणका दाबला जातो. पट्टा तोच, कापड तेच, फक्त छिद्र वीतभर खाली पाडलेले. मऊ गुबगुबीत गादी लांबच्या प्रवासाला सुखाची असते, पण आदळताना ती आधी पुरती दबते आणि मग कठीण तळ अधिक जोराने पाठीला भेटतो. म्हणून हळू दाबल्यास मऊ आणि झटक्यात दाबल्यास ताठ राहणारा फोम वापरतात. काही लोकप्रिय आराखड्यांत इंधनाची टाकी उपकरणांच्या फळीमागेच, वैमानिकाच्या मांडीपुढे असते. धडकेतून वाचलेल्याला मग आगीतून वाचावे लागते.

याच्या उलट उदाहरणही आहे. फ्रेड वाइक यांनी १९५० साली टेक्सासमध्ये फवारणीसाठी एजी-१ हे विमान तयार केले. त्यात वैमानिकाला उंच आणि मागे बसवून इंजिन व औषधाची टाकी त्याच्यापुढे ठेवली होती. पुढचा भाग आधी चुरडावा आणि माणसाभोवतीचा शेवटपर्यंत टिकावा, हा त्यामागचा विचार. विमान पडेल हे गृहीत धरून केलेली ती रचना होती. असे गृहीत धरणे अनेकांना अशुभ वाटते. अपघाताची तयारी म्हणजे आपल्या कामावरचा अविश्वास, असा हा आक्षेप असतो. तो फारसा टिकत नाही. चूक होणारच नाही हा विश्वास हा श्रद्धेचा नव्हे, अहंकाराचा प्रकार आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याला पाचातली एक जागा दिली आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला याच्याही पुढचे सांगतात. दैव म्हणून निराळे काही नाही, आधी केलेला पुरुषार्थच नंतर दैव म्हणून समोर येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घरी बांधलेल्या विमानाला हे अक्षरशः लागू पडते. तीन वर्षांपूर्वी पाडलेले छिद्र धडकेच्या क्षणी दैव होते. त्या क्षणी ते बदलता येत नाही, पण एकेकाळी ते पूर्णपणे हातात होते.

मात्र या विचारात एक गोष्ट गृहीत आहे. आधी करणारा आणि नंतर भोगणारा एकच असावा लागतो. विमानाची व्यवस्था तशी नाही.

अमेरिकी नियमांनुसार विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी बांधला असेल, तर ते ‘प्रायोगिक’ म्हणून उडवता येते. प्रमाणित विमानाच्या आसनांना लागणाऱ्या धडक-चाचण्या त्याला लागू नसतात. पहिले पंचवीस किंवा चाळीस तास सहसा चाचणी-उड्डाणांचे असतात आणि त्यांत सहलीला प्रवासी नेता येत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त मांडलेले तत्त्व इथे जवळजवळ कायद्यात उतरले आहे: स्वतःपुरता धोका ज्याचा त्याने पत्करावा. (भारतात ही मोकळीक सहजी मिळत नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना त्याच्या नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.) चाचणीचे तास भरले की दुसऱ्या आसनावर कुणीतरी येऊन बसतो. हे विमान प्रमाणित विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही, अशी पाटी त्याच्यासमोर असते. पाटी वाचून मिळालेली संमती कायद्याला पुरते. पण पट्टा कुठे अडकवला आहे हे पाटीवर नसते, आणि असते तरी त्याचा अर्थ प्रवाशाला कळला नसता.

विमान विकले गेले की हा प्रश्न आणखी अवघड होतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळून गेला, ते विमान त्याने नुकतेच घेतलेले, दुसऱ्याने बांधलेले लाँग-ईझी होते. आराखडा बर्ट रूटान यांचा. त्यात एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची इंधनाची चावी वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली, कारण इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत असे त्याला वाटत होते. म्हणजे हेतू सुरक्षिततेचाच होता. चावी फिरवायला वैमानिकाला आसनात अंग वळवून मागे हात न्यावा लागे, आणि तसे करताना उजवा पाय रडरवर दाबला जाई. चावीवर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या नळ्यांवरही नव्हत्या. उड्डाणापूर्वी इंधन भरण्याचा विषय निघाला तेव्हा डेन्व्हरने नको म्हटले होते. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने त्याचे विचलित झालेले लक्ष, नकळत दाबलेला रडर आणि इंधन न भरणे ही कारणे मानली. चावीची जागा, नसलेल्या खुणा आणि या विमानाचा अपुरा सराव यांना साहाय्यक घटक ठरवले.

गीतेची पाचही कारणे या अहवालात सापडतील, फक्त दैवाच्या जागी दुसऱ्या माणसाचा सद्हेतू आहे. वसिष्ठांचे उत्तर इथे अपुरे पडते. एकाचा पुरुषार्थ दुसऱ्याचे दैव झाला, आणि भोगणाऱ्याला ते ओळखण्याची संधी फार थोडी होती. म्हणून बांधणाऱ्याचे दायित्व विमान विकल्याने संपत नाही, निदान नैतिक अर्थाने नाही. आराखड्यापासून कुठे फारकत घेतली याची नोंद ठेवून ती पुढच्याला समजावून देणे ही त्यातली सर्वांत कमी खर्चाची गोष्ट आहे. घेणाऱ्यानेही नव्या विमानात बसल्याबरोबर डोळे मिटून प्रत्येक चावी हाताने शोधावी. यात तत्त्वज्ञान काही नाही, पण जीव वाचतो.

अखेरचा उपाय म्हणजे संपूर्ण विमानाला तोलणारे पॅराशूट. सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींबद्दल मांडलेली शंका इथेही उपस्थित होते: संरक्षण वाढले की माणूस अधिक धोका घेतो का? सिरस या विमान-कंपनीचा अनुभव याहून वेगळी अडचण दाखवतो. ही कंपनी घरी जोडायच्या संचांतून उभी राहिली आणि १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एसआर-२० मध्ये पॅराशूट मुळातच बसवलेले होते. तरी सुरुवातीला कित्येक वैमानिकांनी वेळ असतानाही दांडा ओढला नाही. ओढले की विमान हाताबाहेर जाते, बहुधा मोडते, आणि आपल्याला ते सावरता आले नाही हे कबूल करावे लागते. ज्याने स्वतःच्या हाताने विमान बांधले त्याचे ममत्व तर याहून मोठे असणार. पुढे प्रशिक्षण बदलले तसे मृत्यू घटले. आता कोणत्या उंचीवर पॅराशूट ओढायचे ते वैमानिक धावपट्टीवरच ठरवतो आणि उड्डाणाआधी मोठ्याने म्हणतो.