आज किती पदार्थ, किती चपला

नेमधर्म पाळणाऱ्या श्वेतांबर जैन घरांत सकाळी 'चौदा नियम' धारण्याची रीत आहे. आज किती पदार्थ खायचे, पायताणाचे किती जोड वापरायचे, किती कपडे, किती वाहनं, कोणत्या दिशेला किती लांब जायचं, आंघोळ किती वेळा, या सगळ्याची मर्यादा मनाशी ठरवायची. संध्याकाळी हिशेब बघायचा आणि रात्रीपुरते नियम नव्याने घ्यायचे. आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. दहा पदार्थ ठरले असतील तर पोळी एक, भात दोन, वरण तीन, लोणच्याची फोडसुद्धा मोजायची. दुपारचा चहा अकरावा निघाला तर तो राहिला.

हे सगळं जरा कारकुनी वाटतं. शिवाय जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्या करताना वस्तू मोजल्याच नाहीत. वस्तूत जीव गुंतणं म्हणजे परिग्रह, असं ते सांगतात. म्हणजे भिक्षेकऱ्याचा एकुलता एक कटोराही परिग्रह ठरू शकतो आणि वाड्यात राहणारा अलिप्त असू शकतो. व्याख्या खोल खरी, पण तिच्यातली पळवाटही ऐसपैस आहे. 'माझा कशात जीव नाही हो' असं म्हणायला कपाट रिकामं करावं लागत नाही! गृहस्थाच्या या बोलण्यावर परंपरेने फारशी भिस्त ठेवलेली दिसत नाही. तिने त्याच्या हाती आकडे दिले.

आता आकड्यांचीही गंमत आहेच. उपासकदशा या जैन आगमग्रंथात आनंद नावाच्या श्रावकाची, म्हणजे गृहस्थ अनुयायाची, कथा येते. महावीरांसमोर व्रत घेताना त्याने मर्यादा घातली ती अशी: चार कोटींचं धन तिजोरीत, चार कोटींचं व्यापारात, चार कोटींचं घरसंसारात, दहा-दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगर. एवढं ठेवून बाकीचा त्याग! हसू येतं. पण यादी पुढे सरकते तशी बारीक होत जाते. अंग पुसायला एकाच प्रकारचं वस्त्र, दातांना ओल्या ज्येष्ठमधाची काडी, आंघोळीला आठ घडे पाणी, प्यायला फक्त पावसाचं. असलेल्या संपत्तीला आनंदने हात लावला नाही, तिच्या वाढीला मात्र अटकाव केला. घर रिकामं करून त्याचे फोटो दाखवणाऱ्या आजच्या हौसेपेक्षा हा सौदा जास्त प्रामाणिक म्हणायला हवा.

१९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी व्रत घेतलं: हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. दोन्ही अटींना जैन वळण आहे. मुंबईचे जैन जवाहिरे रायचंदभाई यांचा गांधीजींवरचा प्रभाव सर्वश्रुत आहे. व्रतामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. पाहुणे म्हणून जिथे उतरत तिथे त्यांच्यासाठी फळं आणि सुकामेवा जमवताना यजमानांची धावपळ होई. आजारपणात औषध पदार्थांत धरायचं का, याचाही त्यांनी खल केला आणि सवलत घ्यायची नाही असं ठरवलं.

मोबाइलपाशी मात्र मोजणी अडते, कारण तो खिशात एकच असतो. पण चौदा नियमांची यादी नीट पाहिली तर तीत नुसत्या वस्तू नाहीत. दिशेचा नियम माणूस दिवसभरात कुठवर जाईल ते ठरवतो. पडद्यावरून माणूस घरबसल्या कुठच्या कुठे जातो, तेव्हा फोनला हाच नियम लावणं सयुक्तिक ठरेल: बँक आणि घरच्यांचे फोन, त्यापलीकडे आज नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलांच्या अभ्यासाला हे सोयीचं, कारण सगळं गाव एकदम थांबतं आणि शेजाऱ्याच्या घरातला टीव्ही कुणाला मोह घालत नाही. चौदा नियमांना असा भोंगा नाही. सकाळी धारलेला आकडा घरच्यांनाही ठाऊक असेलच असं नाही, आणि अकरावा पदार्थ खाल्ला तरी विचारायला कुणी येत नाही.