पुढे पाठवली

‘रेफर’ हा शब्द आता कोरकू, भिली बोलणाऱ्या घरांतही पोचला आहे. डॉक्टर म्हणतात, “हिला रेफर करतोय.” त्यांच्या मनात असतं, इथे जे जमत नाही ते पुढे जमेल. बाहेर बाकावर बसलेली सासू वेगळंच ऐकते: इथल्यांनी हात टेकले.

सातपुड्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात मी अशी रेफर चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. केसपेपरचा अर्धा फाडलेला कागद. वय बावीस, पहिलटकरीण, रक्तदाब १७०/११०. खाली इंग्रजीत एकच ओळ, पुढील उपचारांसाठी वरच्या रुग्णालयात पाठवत आहोत, या अर्थाची. झटके आले होते का? मॅगसल्फ दिलं का? दिलं तर किती वाजता? कागद गप्प.

हे मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जुनं आणि स्वस्त औषध आहे. २००२ साली मॅगपाय चाचणीचे निष्कर्ष आले आणि त्यानं गरोदरपणात रक्तदाब चढल्यावर येणाऱ्या झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं. पुढे पाठवण्याआधी नर्सनं दहा ग्रॅम द्यावेत, पाच-पाच दोन्ही बाजूंना कमरेत, अशी पद्धत आहे. पण ते दिलंय हे लिहिलं नाही, तर पुढचा डॉक्टर काय करणार? पुन्हा पूर्ण मात्रा दिली तर श्वास मंदावू शकतो, दिलंच असेल म्हणून थांबला तर झटका येऊ शकतो. मग तो तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते बघतो, लघवी किती झाली ते विचारतो. चिठ्ठीत न लिहिलेली ओळ अशी बाईच्या अंगावर वाचावी लागते.

थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली बाळंतिणींच्या मृत्यूमागचे तीन उशीर मांडले: घरातून निघण्याचा, वाटेतला आणि दवाखान्यात पोचल्यावरचा. आपण वाटेतला उशीर मनावर घेतला. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी, असा सगळा प्रवास मोफत झाला. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका आली. फायदा झालाच. २०१८-२० च्या पाहणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. पण गाडीला हार घालता येतो, हिरवी झेंडी दाखवता येते. चिठ्ठीचं आणि पुढच्या दवाखान्याला आधी करायच्या फोनचं उद्घाटन होत नाही. म्हणून ते राहून गेलं, असं मला वाटतं.

सातपुड्यातल्या धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. हरिसाल, सेमाडोह, मग घाट उतरून परतवाडा. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर दोन तासांत खेळ आटोपू शकतो. एवढ्या वेळात घाटही धड उतरून होत नाही. म्हणून गाडी निघण्याआधी काय केलं, सलाईन लावलं का, गर्भाशय आकसण्याचं इंजेक्शन दिलं का, आणि पुढच्या दवाखान्यात कोणी वाट बघतंय का, यावर सगळं ठरतं.

पाठवणाऱ्यांना नुसता दोष देणं सोपं आहे. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच रात्री एकाच छपराखाली हवीत. तालुक्याच्या गावी बहुधा यातलं एक रजेवर, नाहीतर पद रिक्त. शिवाय ठेवून घेतलेली बाई गेली तर चौकशी ठेवणाऱ्याची. वाटेत गेली तर? पाठवणारा म्हणतो, आमच्याकडून जिवंत गेली. घेणारा म्हणतो, आमच्याकडे पोचलीच नाही. अशा हिशेबात शहाणा माणूस बाईला लवकर पाठवतो, गरज नसतानाही. मग जिल्ह्याचा वॉर्ड साध्या बाळंतपणांनी भरतो आणि अडलेली बाई जमिनीवर गादी टाकून वाट बघते.

नवऱ्याचा हिशेब निराळाच. धाकट्या पोराला कोण बघणार, शेळ्या कोण सोडणार, शहरात खायचं काय, तिची बोली तिथे कोणाला कळणार? मोफत गाडी दारात उभी असताना तो घुटमळतो. आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. सगळ्यात मोठी भीती तो बोलून दाखवत नाही: हिचं काही बरंवाईट झालं, तर परत कशी आणायची.

ती चिठ्ठी पाहिली त्याच दवाखान्यातल्या एका सिस्टरनं स्वतःची वही ठेवली होती. शंभर पानी, शाळकरी. नाव, गाव, कशासाठी पाठवली, किती वाजता. शेवटचा रकाना, ‘पुढे काय झालं?’ तो बराचसा कोरा. वरून उलटी चिठ्ठी येत नाही, फोन लागला तर ड्युटी बदललेली असते. मग तिनं एक वाट काढली.

“ड्रायव्हरदादा परत आले की त्यांनाच विचारते, मॅडम,” ती म्हणाली. “ते थांबतात थोडा वेळ. मुलगा का मुलगी, तेवढं त्यांना ठाऊक असतं.”