सूचीचा नकार

शोधण्याचे श्रम कमी झाले म्हणजे शोधणाऱ्याची जबाबदारीही कमी होते काय, हा प्रश्न मध्यंतरी एका विद्यार्थ्याने नकळत माझ्यापुढे आणून ठेवला. त्याच्या संगणकावर डेबियन नावाची लिनक्स प्रणाली आहे. तीत हजारो आज्ञावली पॅकेज नावाच्या गाठोड्यांतून मिळतात. अमुक एक फाईल कोणत्या गाठोड्यात आहे हे पाहावयाचे, तर प्रत्येक गाठोडे सोडून पाहण्याचे कारण पडत नाही. भांडारातील सर्व फायलींची यादी आधीच करून ठेवलेली असते, तिची प्रत आपल्याजवळ असली की यंत्र क्षणार्धात उत्तर देते. त्या दिवशी उत्तर आले, "नाही." विद्यार्थ्याने यादीची ताजी प्रत आणविली, आणि तीच फाईल सापडली! भांडारात ती होतीच. यादी तेवढी शिळी होती.

पुणेकरांस ही युक्ती नवी वाटू नये. डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी शब्दपत्रिका तयार झाल्या. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केल्यावर तिच्या श्लोकचरणांची वर्णानुक्रमी प्रतीकसूची सहा खंडांत काढली. वाचकाचा वेळ वाचवावा, हा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम रंगनाथनांनी १९३१ साली सांगितला. तो वेळ कोणाच्या आयुष्यातून वजा झाला, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. दोन मिनिटांत चरण काढून दाखविणाऱ्या पंडिताची चपळाई बहुतांशी उसनी असते. मी हे स्वानुभवाने सांगतो.

असो. ऋण मानले म्हणजे निदान मनाचे समाधान तरी होते. विश्वासाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. सूची "आहे" म्हणते तेव्हा ती जागा दाखविते, व आपणांस जाऊन पाहता येते. ती "नाही" म्हणते तेव्हा जावयाचे कोठे? म्हणून तिचा होकार आपण तपासतो, आणि नकार तसाच गिळतो. वस्तुतः "माझ्यात नाही" एवढेच ती म्हणत असते. "कोठेच नाही" हे पुढचे वाक्य आपले.

हे वाक्य मी एकदा उच्चारले आहे. एका वृद्ध हरिदासांनी कीर्तनात महाभारतातला म्हणून एक श्लोक म्हटला. मी प्रतीकसूची उघडली, चरण आढळला नाही, आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्यांस सांगितले, "बुवा, हा श्लोक भारतात नाही." ते ओशाळले. "आमच्या गुरूंनी दिला तसा म्हटला," एवढेच बोलले. पुढे दोन वर्षांनी शांतिपर्व शिकवीत असता तोच श्लोक समोर आला. बुवांच्या पाठात पहिलाच शब्द निराळा होता. आणि चरणाच्या आरंभावरून लावलेल्या सूचीत आरंभ बदलला की चरण हाती लागत नाही. पण सूचीत उरलेले तीन चरणही होते. मी पहिला पाहून थांबलो होतो.

बुवांचे घर शोधीत गेलो, तो ते वारल्याचे कळले. त्यांच्या चिरंजीवांस मी अध्याय व श्लोकांक सांगितला. त्यांनी तो कागदावर टिपून घेतला, बुवांची कीर्तनाची वही काढली, आणि त्या श्लोकाचे पान उघडून कागद आत ठेवला. श्लोकावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारलेली होती.