साखळीच्या पलीकडे



कायद्याने दार उघडले की न्याय पूर्ण झाला का?

१९४६ साली एडा लोइस सिप्युएल हिने अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला. ती कृष्णवर्णीय, म्हणून अर्ज नाकारला गेला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. राज्याने घाईघाईने वेगळेच विद्यालय काढले; तिथे जाण्यास तिने नकार दिला. अखेर १९४९ मध्ये प्रवेश मिळाला. पण वर्गात तिची खुर्ची इतरांपासून वेगळी, वर वर्णाची पाटी. उपाहारगृहातही तिची जागा साखळीपलीकडे, पहाऱ्यात. पहारेकरी नसला की काही गोरे विद्यार्थी साखळीखालून सरपटत येऊन तिच्याबरोबर जेवत, अशी आठवण तिने पुढे सांगितली.

ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे आम्ही सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो. प्रीती त्याहून पुढे जाते. ती शेजारी येऊन बसते. त्या विद्यार्थ्यांत अशी प्रीती होती. परंतु पहारेकरी दिसताच ती मागे सरली, तर साखळी जागच्या जागीच राहते. १९५० साली त्याच विद्यापीठातील जॉर्ज मॅक्लॉरिन या विद्यार्थ्याच्या खटल्यात न्यायालयाने असे वेगळे बसवणे घटनाबाह्य ठरवले. म्हणजे प्रीतीला न्यायाचा आधार लागतो. आणि न्यायालाही प्रीती लागते, कारण निकालाने जागा मिळते, सोबती मिळत नाही.

१९९२ मध्ये एडाची त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर नेमणूक झाली.

आपण या देशात अल्पसंख्य आहोत. आपली मुले मोठ्या कॉलेजात गेली की त्यांना कुणीतरी डबा खायला बोलवावे, असे आपल्याला वाटते. मग आपल्या चर्चमध्ये काय घडते? श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, या वृत्तीबद्दल संत याकोबाने आपल्या पत्रात कान उघाडणी केली आहे. कामधंद्यासाठी आलेली बाहेरगावची कुटुंबे रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. त्यांना कुणी हटकत नाही, तिथे पाटीही नाही. पण मिस्सा संपल्यावर आपण आवारात आपल्याच आळीतल्यांशी बोलत उभे राहतो. यात आम्हीही आलो.

येत्या रविवारी त्या बाकावर जाऊन बसू या. चोरून नव्हे, सर्वांच्या देखत.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू