फॉरेस्ट गावचा डोनाल्ड

१९३८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावच्या एका वकिलाने आपल्या मुलाची तेहतीस पानी टंकलिखित हकिकत बाल्टिमोरच्या डॉक्टर लिओ कॅनर यांना पाठवली. मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो वस्तू गरगर फिरवण्यात रमून जाई आणि ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की आकांत मांडी. त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं; वर्षभराने आईवडिलांनी परत आणलं. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांविषयी लेख लिहिला आणि ऑटिझम, आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो ती, जगापुढे आली. त्यातला पहिला मुलगा हाच.

बापाने जीव तोडून लिहिलेल्या त्या हकिकतीत कॅनर यांना अट्टहासी तपशील दिसला. या मुलांच्या आईवडिलांमध्ये मायेचा ओलावा कमी असतो, असंही त्यांनी नोंदवलं. त्यातूनच पुढे आयांना जबाबदार धरणारं ‘शास्त्र’ उभं राहिलं आणि कित्येक वर्षं टिकलं. आज आपल्याला माहीत आहे की स्वमग्नतेची मुळं बहुतांशी आनुवंशिक आहेत आणि मेंदूची ती घडण जन्माआधीच सुरू होते. तरीही ‘तू नोकरी करतेस म्हणून असं झालं’ हे आईला ऐकवणारे नातेवाईक आपल्याकडे अजून भेटतात. त्याचा मला संताप येतो.

डोनाल्डला माणसात आणलं म्हणतात ते एका शेतकरी जोडप्याने. तो काही वर्षं त्यांच्याकडे राहिला. त्याला मोजमापाचं वेड. शेतकऱ्याने त्यालाच विहीर खणायला लावलं आणि खोली किती झाली ते सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगर धरून मोज म्हणाला. कॅनर भेटायला गेले तेव्हा हा पोरगा नांगर चालवत होता, घोडा वळवत होता. त्या शेतकऱ्याने त्याचं मोजणं बंद पाडलं नाही, त्याला कामाला लावलं. मला हे कोणत्याही उपचारपद्धतीइतकंच मोलाचं वाटतं.

शाळेत मुलांनी त्याला विचारलं, या इमारतीला विटा किती? त्याने एका नजरेत आकडा सांगितला आणि गावात त्याची कीर्ती झाली. म्हातारपणी त्याने एका पत्रकाराला सांगून टाकलं की तो आकडा मनचाच होता. त्या मुलांनी आपल्याला चांगलं म्हणावं एवढीच इच्छा होती. स्वमग्न माणसाला इतरांचं काही पडलेलं नसतं, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. त्या वर्गातल्या एकालाही डोनाल्डच्या मनातलं कळलं नाही. मग समजून घेण्यात उणा कोण पडला?

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हेच मांडलं: न समजण्याचं हे कोडं दुहेरी आहे. स्वमग्न मुलगा नजर टाळतो, कारण डोळ्याला डोळा भिडवला की पुष्कळांना बोलणं ऐकणं जड जातं. आपण मात्र लगेच म्हणतो, लक्ष नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकून खोलीच्या टोकाला पळणारी मुलगी हट्टी नसते. तिला तो आवाज खरोखर दुखतो. फटाक्यांच्या दिवसांत तिचं काय होत असेल?

डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला आणि २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. बँक आजोळच्या मालकीची होती, घराण्याला पैसा आणि मान होता, हे विसरून चालणार नाही. ज्यांना बोलताच येत नाही, दिवसभर कुणाची तरी मदत लागते, त्यांच्यासाठी तर एवढ्यानेही भागत नाही. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद झाली, प्रमाणपत्र मिळू लागलं. पण शाळा संपल्यावर अशा तरुणाने दिवस कुठे काढायचा, याचं उत्तर बहुतेक गावांत नाही. ‘आमच्यामागे याचं कसं होणार?’ हे पालक विचारतात, ते यासाठीच. फॉरेस्टमध्ये आईवडिलांच्या माघारी डोनाल्ड त्याच घरात राहिला, आणि त्याच्याविषयी लिहायला आलेल्या पत्रकारांना गावकऱ्यांनी बजावलं होतं: याला त्रास झाला, तर गाठ आमच्याशी आहे.