आई कुठं आहे?

खरसुंडीच्या यात्रेत तात्यांनी उभ्या हयातीत कितीतरी खिल्लार बैल घेतले आणि विकले, पण दात बघितल्याशिवाय कधी कासरा हातात घेतला नाही. बैल चालवून बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा, आणि खोंड असेल तर मालकाच्या गोठ्यात जाऊन त्याला जन्म देणारी गाय बघून यायची. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. तात्या मात्र भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी काढत.

त्यांचा मुलगा सांगलीत बँकेत नोकरीला. नातीच्या वाढदिवसाला लॅब्राडोरचं पिल्लू आणायचं ठरलं. मुलानं मोबाइलवर फोटो पाहिले, टोकन पाठवलं. विकणारा म्हणाला, "घरपोच देतो साहेब, तुम्ही यायचीसुद्धा गरज नाही."

"जनावर न बघता पैसं दिलंस?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, आता असंच असतं."

"आसंल. पर बघून येऊ. पोरीलाबी घे संगं."

शहराबाहेर हायवेलगत पत्र्याचं शेड होतं. आत कुणाला सोडलं नाही. विकणाऱ्यानं टोपलीतून पिल्लू आणलं आणि थेट नातीच्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत चिपडं, बरगड्या हाताला लागत होत्या आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. जंतांचं पोट तात्यांनी लांबूनच ओळखलं. शेतावर त्यांनी जन्मभर कुत्री पाळली होती. त्यांनी पिल्लाचा ओठ वर केला. पुढचे दात हिरडीतून नुकते डोकावत होते.

"किती दिसाचं म्हणालास?"

"दोन महिने पूर्ण."

"दोन महिन्याच्या पिल्लाचं तोंड दुधाच्या दातांनी भरल्यालं असतंय. ह्ये महिन्या-सव्वा महिन्याचं हाय. ह्याची आई कुठं हाय?"

"आई गावाकडं असते."

"आन् बाप?"

"तो दुसऱ्या पार्टीकडं." आतून कितीतरी कुत्र्यांचं भुंकणं येत होतं. "लॅब नको असेल तर पग आहे, शिह त्झू आहे, रॉटवायलर आहे. सांगाल ते देतो."

मुलानं लसीचं कार्ड उलटून पाहिलं. शिक्का होता, पण डॉक्टरांची सही नव्हती, की लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं नव्हतं. टोकन गेलं, हे त्यानं मनाशी धरलं आणि मुलीला म्हणाला, "चल बाळा."

ती उठेना. पिल्लू तिच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून झोपलं होतं. "आपण नेलं नाही तर हे मरेल ना?"

तात्या तिच्याजवळ उकिडवे बसले. खोटं बोलून तिला उठवणं सोपं होतं, पण ते बोलले नाहीत. "मरंल बी. पर आपण पैसं मोजून ह्याला नेलं, तर उद्या ह्या टोपलीत दुसरं येतंय. ह्याची आई आत हाय, मला वाटतंय. आपल्या पैशानं तिला पुन्हा पिल्लं घालायला लावत्यात."

मुलीला हे पटलं नाही. ती गाडीत बसून रडत राहिली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. समोरच्या एका जिवाची दया येणं हीच माणसाची पहिली भावना असावी. पण विकणाऱ्याचा सगळा धंदा त्या भावनेवरच चालतो, म्हणून तर तो पिल्लू आधी लेकराच्या मांडीवर ठेवतो आणि मग किंमत सांगतो.

घरी आल्यावर मुलानं जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार दिली. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची पैदास करता येत नाही, वर्षातून एकाहून जास्त वेळा नाही, आणि जन्मात पाचांहून जास्त वेळा नाही. शेडमधल्या माणसाकडे नोंदणीच नव्हती. ते शेड बंद झालं, आतल्या माद्या सोडवल्या गेल्या. ते पिल्लू मात्र त्याआधीच कुणाला तरी विकलं गेलं होतं. नातीनं त्याचं काय झालं असेल ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि दर वेळी बापानं "माहीत नाही" हेच खरं उत्तर दिलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी मग कराडच्या पुढच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिकेचं नाव सुचवलं. बाई फोनवरच म्हणाल्या, "सध्या पिल्लं नाहीत. तरी या, घर बघून जा."

दार उघडलं ते बाईंनी, पण आधी बाहेर आली ती त्यांची लॅब्राडोर मादी. तिनं तात्यांचे हात हुंगले आणि त्यांच्या पायाशी बसली. तात्यांनी तिचे दात पाहिले, मागचे पाय पाहिले, अंगणातून चालवून घेतलं. बाईंना राग आला नाही. उलट त्यांनी आतून मादीच्या आणि नराच्या खुब्यांचे एक्स-रे आणले. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आई-बापाकडून पिल्लात येतो. लहानपणी तो दिसत नाही, मग ऐन उमेदीत कुत्रं जिना चढेनासं होतं. म्हणून जनावर दोन वर्षांचं झाल्यावर एक्स-रे काढायचा आणि मगच पैदास करायची.

ओसरीवर आणखी एक मादी झोपली होती. "हिचे खुबे वाईट निघाले," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून घेतलं. आता ही नुसती राहते."

तात्या त्या मादीकडे बराच वेळ बघत राहिले. जिच्यातून एक पैसा मिळणार नाही, तिला ही बाई मऊ गादीवर पोसत होती. आता आणखी कागद बघायची त्यांना गरज वाटली नाही.

प्रश्न आता बाईंचे सुरू झाले. दिवसभर घरी कोण असतं? सकाळी फिरवणार कोण? कितव्या मजल्यावर राहता? बँकेची नोकरी म्हणजे बदली होणार, मग?

"मग बघू काहीतरी," मुलगा म्हणाला.

"बघू नाही. सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं माझ्याकडे परत आणायचं, दहा वर्षांचं असलं तरी. तसं लिहून द्यावं लागेल."

मादी पुढच्या खेपेला माजावर यायची, मग त्रेसष्ट दिवस गाभण, मग आठ आठवडे आईपाशी. वाढदिवस पिल्लाविनाच झाला. नात रुसली, पण पिल्लं जन्मल्यावर दोनदा बघून आली. बाईंच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरच्या आवाजात पिल्लं वाढत होती. तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे ऐकतं-बघतं, त्याची त्याला पुढं भीती वाटत नाही, असं बाई सांगत. नातीला सगळ्यात दांडगट पिल्लू हवं होतं. बाईंनी शांत स्वभावाची एक मादी तिच्या हातात दिली. "घरात लहान भाऊ आहे ना तुझा? मग हीच."

सोबत सही असलेलं, लेबल चिकटवलेलं कार्ड होतं. पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत घ्यायचे आणि तोवर तिला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, हेही बजावून सांगितलं.

महिन्यानंतर बाई न कळवता सांगलीला आल्या. पिल्लाचं वजन हातानं जोखलं, कान पाहिले. मग ते गुळगुळीत फरशीवरून धावताना घसरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिचे सांधे अजून कोवळे आहेत. असं घसरू देऊ नका."

सून ओशाळली. तात्या काही न बोलता आत गेले, गावाकडून आणलेलं जाड जेन घेऊन आले आणि नातीच्या मदतीनं ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलं.

"आता ठीक हाय का, बाई?"

"सोफ्यापाशी अजून हातभर मोकळं आहे," बाई म्हणाल्या. नात दुसरं जेन आणायला पळाली.