भाचीला पत्र : यंदा कंपनी नको

प्रिय भाचीस,


फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हो मामा’ म्हणतेस, मग रेंज जाते आणि विषय तिथंच राहतो. म्हणून लिहून पाठवतोय. आधी एकटी वाच, मग आईला वाचून दाखव.

कॉलेजात नाव घालू की इथं नाशिकला अंबडच्या कंपनीत लागू, असं तू विचारलंस. उत्तर आधी देतो, कारणं मागाहून सांगतो. कॉलेजात नाव घाल. कंपनीला यंदा नाही म्हण.

तुला आलेला निरोप मी नीट वाचला. ‘पॅकिंग हेल्पर, फुल टाइम, हातात साडेबारा हजार, राहायची सोय बघून देऊ.’ निरोपात नाव कंपनीचं आहे, पण बोलणारा ठेकेदार आहे. तू कंपनीत काम करशील, हजेरी मात्र ठेकेदाराच्या रजिस्टरला लागेल. ऑर्डर कमी झाली की कंपनी त्याला सांगते, उद्यापासून वीस माणसं कमी आण. मग गेटवर कार्ड चालत नाही आणि त्या दिवशी का चालत नाही हे सांगायला कोणी येत नाही. आणि ऑर्डर भरपूर असली तरी सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात. महिनाभर घरी बसायचं, परत बोलावलं तर नव्यानं लागायचं, म्हणजे मागची नोकरी मोजायची नाही. इथं एमआयडीसीत हे सगळ्यांना पाठ आहे. गावी पोशेऱ्याला पोचेपर्यंत त्या बातमीतला फक्त पगाराचा आकडा उरतो.

काम काय असतं तेही सांगतो. पट्ट्यावरून माल येतो. तो पिशवीत घालायचा, खोक्यात रचायचा, टेप मारायची, स्टिकर लावायचा, खोकं पॅलेटवर ठेवायचं. सगळं उभ्यानं. पहिला आठवडा पोटऱ्या भरून येतात, मग अंगवळणी पडतं. काम अवघड नाही, तीन दिवसांत येतं. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. तीन दिवसांत येणारं काम पाच वर्षांनीही तेवढंच राहतं, आणि तुझ्या जागी आणलेली दुसरी मुलगी तीन दिवसांत तयार होते. म्हणून तिथला पगार हलत नाही. आमच्या लाइनवर पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या मुली आहेत. हुशार आहेत, हात चलाख आहेत. त्यांच्यातल्या जुन्या मुलीला आणि काल आलेल्या मुलीला जवळपास सारखाच पगार पडतो. ज्यांचा वाढला त्या आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या. मशीन त्यांच्या हाती असतं.

शिकलेल्याचा भाव सरकारनंसुद्धा आकड्यात लिहून ठेवला आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. त्यात बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीवाल्याला १०,००० ठरवले. कार्यालय एकच असलं तरी कागदावरून फरक. शिवाय ते प्रशिक्षण होतं, ठरावीक महिन्यांचं. तुला कोणी त्याला ‘सरकारी नोकरी’ म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आता घरचा पैसा. इथं मी घाईनं पुढं जाणार नाही, कारण तुझ्या मनात खरी गोष्ट तीच आहे. दिवाळी झाली की आईबाबांना भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जावं लागतं. पावसाळ्यात, नागली-वरई हाताशी यायच्या आत शेठकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडता फेडता जेठ येतो. आपला पगार सुरू झाला तर यंदा उचल घ्यावी लागणार नाही, असा तुझा हिशेब आहे. हिशेब प्रेमाचा आहे. फक्त तो पुरा कर. साडेबारा हजारातून चौघींच्या खोलीत तुझ्या वाट्याचं भाडं दीड हजार धर, जेवण साडेतीन हजार, रिचार्ज, औषध, साबण-कपडे, गावाला यायचं भाडं मिळून दोन हजार. उरले साडेपाच हजार. ब्रेकचा महिना यातून वजा कर, आजारपणाचे खाडे वजा कर. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास घरी जातील. पोशेऱ्यात ही रक्कम मोठी आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण त्या पैशानं उचल एका वर्षापुरती थांबेल आणि तू लाइनवर कायमची अडकशील. पुढच्या वर्षी धाकट्याचं काही निघेल, मग तुझ्या लग्नाचं बोलणं निघेल. कमावती मुलगी परत कॉलेजात पाठवायला कुठलंच घर धजत नाही. तुझ्या बाबांचं मन कितीही मोठं असलं तरी त्या वेळी तेही म्हणतील, आता कशाला.

म्हणून यंदाच्या उचलीचं मी तुझ्या बाबांशी बोलतो. मला दिवाळीला बोनस मिळतो, त्यातला वाटा त्यांना देईन. मेहुणा म्हणून देईन, उपकार म्हणून नाही, आणि हे त्यांना मीच सांगेन. तू त्यात पडू नकोस.

कॉलेजचा खर्च तू समजतेस तेवढा नाही. मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे, जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. अनुसूचित जमातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आपलं घर त्यात आरामात बसतं. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा. तिथं जागा नाही मिळाली तर २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. त्यात राहण्या-जेवणाचे पैसे तुझ्या स्वतःच्या बँक खात्यात येतात. येऊन-जाऊन करायचं ठरलं तर एसटीचा विद्यार्थी पास आहेच, आणि २०२३ पासून महिलांना तिकीटही अर्धं आहे. यातला कुठलाही पैसा वेळेवर येईल असं धरून मात्र चालू नकोस. शिष्यवृत्ती उशिरा येते, कधी कधी वर्ष संपताना. पहिल्या सहा महिन्यांची सोय हातात ठेवूनच सुरुवात करायची. ती सोय मी आणि तुझी मावशी मिळून बघतो.

आणि ज्या गोष्टीनं माझं मन पक्कं झालं ती सांगतो. घरच्या अडचणीमुळे तुला एका वर्षानं कॉलेज सोडावं लागलं, तरी ते वर्ष वाया जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तुझे मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. परत येऊन तिथून पुढं शिकता येतं. कंपनीतल्या एका वर्षाचं असं कुठलंही खातं नाही. फार तर पीएफचे चार पैसे. कंपनी उद्याही माणसं घेईल, पॅकिंगला तर कायमच घेते. तू वीस वर्षांची झालीस, बावीसची झालीस तरी ती तुला घेईल. दोन्ही दरवाज्यांतला कुठला आधी बंद होणार, एवढंच बघून मी बोलतोय.

आता खोटी आशा न लावता एक बोलतो. बी.ए. झालीस की नोकरी दारात येईल असं मी म्हणणार नाही. मोखाड्यात बी.ए. झालेली आणि रिकामी बसलेली मुलं तूही बघतेस आणि मीही बघतो. आपल्या भागाला पेसा कायदा लागू आहे. २९ ऑगस्ट २०१९ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेत अनुसूचित क्षेत्रातली १७ संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींसाठी धरली आहेत. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षिका वगैरे. त्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, भरती अडकली, आणि २०२४ मध्ये परीक्षा पास झालेली मुलं इथं नाशिकला रस्त्यावर बसली. मी सुटीच्या दिवशी तिथं गेलो होतो. त्यांचे चेहरे विसरण्यासारखे नाहीत. तरी एक बघ. रस्त्यावर बसून आपला हक्क मागायला ती मुलं पात्र होती, कारण त्यांच्याकडे कागद होता. तलाठ्याच्या परीक्षेला पदवीच लागते. बारावीवर ते दार ठोठावताही येत नाही.

तुझं मन तर शिकवण्यात आहे. पाड्यावरची लहान पोरं संध्याकाळी तुझ्याभोवती पाट्या घेऊन बसतात, हे मला तुझ्या आईनं सांगितलं. मग नुसती बी.ए. डोळ्यांपुढे ठेवू नकोस. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. असतं, त्यावर टीईटी द्यायची. प्राथमिक शिक्षक व्हायला तो रस्ता जवळचा आहे. प्रवेशाची माहिती कॉलेजात नाव घालतानाच काढ, यंदा जमलं तर यंदा. नाहीतर बी.ए. करता करता तयारी कर. मराठी आणि भूगोल घे, तुझे ते विषय पक्के आहेत. इंग्रजीची भीती आहे हे मला ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी ती मोडायची, तिसऱ्या वर्षासाठी ठेवायची नाही. आवणीच्या दिवसांत घरी राहावं लागेल, राहा. पण ते पंधरा-वीस दिवस सोडून वर्गात बसायचं. हजेरीपुरतं नाव घालून घरी बसणार असशील तर मग कंपनीच बरी, असं मी स्पष्ट म्हणतो.

शिकताना कमवायला माझी ना नाही. मोखाड्याचं कॉलेज ज्यांच्या संस्थेचं आहे त्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत सुरू केली, आणि त्यांच्या वसतिगृहांतली मुलं कामं करून शिकली. ‘कमवा आणि शिका’ तिथलंच. पण त्या मुलांचं काम शिक्षणाला जागा ठेवून असायचं. सुटीत शेताचं काम कर, रोजगार हमीवर जा, पाड्यावरच्या पोरांच्या शिकवणीचे कोणी चार पैसे दिले तर घे. बारा-बारा तासांची ड्यूटी करून रात्री पुस्तक उघडणारी माणसं मी इथं फार थोडी पाहिली. इच्छा सगळ्यांना असते, पण डोळे मिटतात.

तुझ्या बाबांची तब्येत बिघडली, घरात दुसरा इलाजच उरला नाही, तर मात्र मी अडून बसणार नाही. तेव्हा कंपनीत ये, पण माझ्या अटींवर. नेमणूकपत्र कागदावर हातात आल्याशिवाय गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं कार्ड पहिल्या महिन्यातच मागायचं. पगारातून पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचा पाऊण टक्का कापतात, ते पुढं भरले जातात का हे मोबाइलवर बघता येतं, मी दाखवीन. आठवड्याला ४८ तासांच्या वर थांबवलं तर ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, साधा नाही. मूळ मार्कशीट आणि दाखले ठेकेदाराकडे कधीही ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. आणि त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घालायचं. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ निघालं ते अशा माणसांसाठीच, आणि त्याची पदवी सरकारी परीक्षांना चालते. राहायला माझ्याकडे यायचं, खोलीत नाही. मामी तुझी वाटच बघते.

पण ही वेळ आज आलेली नाही. आज तुझे बाबा धडधाकट आहेत आणि आई शिकवायला तयार आहे. तिनं स्वतः सातवीनंतर शाळा सोडून भट्टी धरली, त्यामुळे ती बोलून दाखवत नाही एवढंच.

तुझ्या दोन मैत्रिणी कंपनीत निघाल्यात, त्यांच्याबरोबर जावंसं वाटणं साहजिक आहे. पहिल्या पगारातून त्या नवा मोबाइल घेतील, गावच्या बोहाड्याला चांगले कपडे घालून येतील, आणि तू वह्या घेऊन एसटीच्या मागच्या सीटवर असशील. वाईट वाटेल. वाटू दे. त्यांना कमी लेखू नकोस, त्यांच्या घरची अडचण आपल्याला माहीत नाही. त्यांना या पत्रातल्या पीएफच्या आणि नेमणूकपत्राच्या गोष्टी मात्र जरूर सांग.

आता कामाला लाग. बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढ. खातं आधारला जोडलंय का हे बँकेत जाऊन विचार, नाहीतर शिष्यवृत्ती अडकते. जातपडताळणीचा अर्ज आश्रमशाळेतून गेला होता का ते मुख्याध्यापकांना विचार. नसेल गेला तर कॉलेजमार्फत लगेच भरायचा, त्याला वेळ लागतो आणि पुढं राखीव जागेला तोच कागद मागतात. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी फॉर्म मोखाड्यात भर. फॉर्म भरणाऱ्याला पासवर्ड ठेवू देऊ नकोस, स्वतःच्या वहीत लिही.

येत्या शनिवारी पहिली पाळी संपली की मी त्र्यंबकमार्गे निघतो, रात्री पोचेन. रविवारी बाबांशी बोलू, सोमवारी माझी रजा आहे, आपण दोघं मोखाड्याला जाऊन नाव घालून येऊ. ठेकेदाराला नकाराचा फोन मात्र तू स्वतः कर, शनिवारच्या आधी. चार शब्दांत सांग, यंदा शिकणार आहे म्हणून. तो पगार पाचशेनं वाढवून बोलेल. तरी तेच सांग.

तुझा,
मामा